पुसलेली विहीर

आमच्या गावची विहीर दोनदा चोरीला गेली. आधी तिच्यातलं पाणी चोरलं, आन् मंग तिच्यात कवा किती पाणी व्हतं ही नोंद चोरली. पयल्या चोरीचा मला राग आलता. दुसरीचा आला तो अजून गेला न्हाई, आन् जाऊ बी नये.

मी बायना. आजीचं नाव बायनाबाई, बापानं तेच मला लावलं. अंबाजोगाईला बीसीए केलं, पुण्यात एका कंपनीत दहा महिने प्रोग्रामिंगचं काम केलं, मंग बापाला लकवा मारला म्हणून वापस आले. आमचं गाव तेलगावापासून अकरा किलोमीटर आत. गावात पिण्याच्या पाण्याची सहकारी संस्था हाय. तिची एक सार्वजनिक विहीर, एक टाकी आन् एका खोलीचं हापीस. त्या हापिसात मी कम्प्युटर ऑपरेटर. चेअरमन सुंदरराव, आन् सचिव त्यांचे साडू अर्जुनराव. गावाचं पाणी राखायला ठेवलेली ही दोन माणसं. मांजराला दुधाची राखण म्हणत्यात ते हेच.

विहिरीची पातळी रोज सकाळी भिवराबाई मोजायची. भिवराबाई खालच्या वस्तीची, साठीला आलेली, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. संस्थेवर महिला राखीव जागेवर तिचं संचालक म्हणून नाव टाकलेलं, कारण कायद्याला एक बाई लागती आन् चेअरमनला न बोलणारी बाई लागती. तिला लिहिता येत न्हाई म्हणजे बोलता बी येत न्हाई असं ह्यांनी धरलं, तितंच फसले. दोराला दगड बांधून ती विहिरीत सोडायची, वर काढला की ओला झालेला दोर मोजायची, परसात आन् हातात. माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस. आमच्याकडं विहीर अजून परसातच मोजत्यात. "आज पाच परस एक हात" असं हापिसाच्या दारातनं सांगायची आन् पुढं चालू लागायची. मी तो आकडा फाईलमध्ये टाकायचे. महिन्याला एक फाईल. दोन हजार सोळाच्या दसऱ्यापासून एक दिवस खाडा न्हाई. ऊसतोडीला अर्धं गाव रिकामं व्हायचं, तवा बी न्हाई.

ह्या फायली मी गिटमध्ये ठेवल्या. कावून, तर अर्जुनराव. मी नसले की ते आकडे टाकायला बसायचे आन् एकदा त्यांनी पाच परस एक हाताच्या जागी एकावन्न परस लिहिलं. गावात समुद्र आणला बाबानं. वर मागचे चार दिवस बी पुसून टाकले, ते वेगळंच. तवा मी म्हटलं, ह्या माणसापासून फायली वाचवल्या पाहिजेत. गिट म्हणजे असं, की फाईल आज जशी हाय तशी तिची एक प्रत बांधून ठेवायची, तारीख-वेळेसकट. उद्या फाईल बदलली, पुसली, कायबी केलं तरी ती बांधलेली प्रत आपल्या जागी राहती. वरनं दिसत न्हाई, एका लपलेल्या फोल्डरात असती, पाहिजे तवा काढता येती. कंपन्यांमधी सगळे असंच काम करत्यात. आमच्या हापिसात ते फक्त मला ठावं व्हतं.

अर्जुनरावांसाठी मी एक बटण करून दिलं. त्याच्यावर लिहिलं, 'जतन करा'. ते दाबलं की कम्प्युटर विचारायचा, काय बदल केला? तिथं दोन शब्द लिहायचे, रिकामं सोडलं तर पुढं जायचंच न्हाई. मी सांगितलं व्हतं की नुसतं 'आजची नोंद' लिहिलं तरी चालतंय. पण ज्या माणसाची सगळी हयात संस्थेचं प्रोसिडिंग बुक लिहिण्यात गेली, त्याला दोन शब्दांत भागतंय व्हय? ते रोज तितं ठराव लिहायचे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर, सचिव अर्जुनराव यांच्या हस्ते. एक आकडा टाकायला. मी हसायचे आन् सोडून द्यायचे.

अठराचा पावसाळा कोरडा गेला. दिवाळीपर्यंत शेतातल्या विहिरींनी दम टाकला, पण आमची सार्वजनिक विहीर तग धरून व्हती, कारण ती पाझर तलावाच्या खाली हाय. रोज हातभर न्हाई, महिन्याला हातभर कमी व्हायची. एकोणीसच्या जानेवारीत तिच्यात चार परस पाणी व्हतं. उन्हाळा निघाला असता, नीट वापरलं असतं तर. तेवढ्यात सुंदररावांच्या विहिरीवर आडव्या बोअरची मशीन आली. ही मशीन विहिरीत खाली सोडत्यात आन् ती बुडातनं आडवी भोकं पाडत जाती, ज्या बाजूला पाणी असंल त्या बाजूला. सुंदररावांची विहीर आमच्या विहिरीपासून एकशे ऐंशी मीटर. भोकं कुठल्या बाजूला पाडली असतील ते सांगायला ज्योतिषी लागत न्हाई. नऊ दिवसांत आमची विहीर चार परसावरनं दीड परसावर आली. फेब्रुवारी सरता सरता दोर नुसता गाळ घेऊन वर यायला लागला, आन् सुंदररावांची चार एकर डाळिंबं मातर हिरवीगार.

मंग टँकर. खालच्या वस्तीला आठव्या दिवशी. बाया ड्रम घेऊन सकाळी बसायच्या आन् दुपारी टँकर चेअरमनच्या गोठ्यापुढं अर्धा रिकामा होऊन खाली यायचा. कुणी बोललं तर म्हणायचे, निसर्ग कोपला, आमी काय करणार. निसर्ग कोपला म्हणं! निसर्गानं आडवं बोअर मारलं का तुमच्या विहिरीत?

कायदा असा हाय की पिण्याच्या सार्वजनिक विहिरीच्या पाचशे मीटरच्या आत असली खोदाई करता येत न्हाई, केली तर तहसीलदार ती बंद करू शकतात. हे मी भिवरामावशीला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. अर्ज मी लिहिला, अंगठा तिनं दिला. मार्चमधल्या एका गुरुवारी ती आन् वस्तीतल्या पाच बाया जीप करून आख्ख्या गावादेखत तहसीलला गेल्या. मी गेले न्हाई, धर्मापुरीला बहिणीच्या लेकीचं बारसं व्हतं. तितल्या कारकुनानं अर्ज घेतला, पोच दिली आन् सांगितलं, मंगळवारी सुनावणी, विहिरीच्या पातळीच्या जुन्या नोंदी घेऊन या, त्या नसतील तर अर्जाला काय अर्थ न्हाई. सगळा अर्ज त्या नोंदींवर उभा व्हता. मशीन यायच्या आधी पाणी व्हतं आन् आल्यावर गेलं, हे दुसरं कुणी सांगणार? चेअरमन?

शनिवारी मी हापिसात आले, कम्प्युटर चालू केला, तर 'विहीर' नावाचं फोल्डर रिकामं. तीसच्या तीस फायली गायब. अडीच वर्षांच्या सकाळी गायब. अर्जुनराव समोर चहा बशीत ओतून पीत बसलते. मी विचारलं, ह्या फायली कुठं गेल्या? ते म्हणाले, "रेकॉर्ड अद्ययावत केलं."

"पुसलं म्हणा."

"पुसलं न्हाई. रीतसर काढलं," ते म्हणाले आन् दुसरी बशी ओतली.

मला असा संताप आला की ती बशी उचलून त्यांच्या धोतरावर पालथी करावी. पण ते 'रीतसर' म्हणाले तितं माझं डोकं लागलं. हा माणूस रीतसर काढला म्हणतो म्हणजे ह्यानं नुसत्या फायली पुसून सोडल्या नसणार. मी गिटची मागची यादी उघडली. आन् खरंच, सगळ्यात वर त्यांची नोंद. बाबानं फायली पुसल्या, आन् पुसल्यावर 'जतन करा' बटण दाबलं. पुसणं जतन केलं! आन् कम्प्युटरनं विचारलं काय बदल केला, तर तितं आख्खा ठराव लिहिला:

'विहीर पातळीच्या चुकीच्या व अनावश्यक नोंदी असलेल्या एकूण तीस फायली काढून टाकण्यात येत आहेत. सूचक: मा. चेअरमन सुंदररावजी. अनुमोदक: श्रीमती भिवराबाई, संचालक. ठराव सर्वानुमते मंजूर. सचिव अर्जुनराव यांच्या हस्ते.'

गुरुवार, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं.

पयल्यांदा मला हसू आलं. चोरानं चोरीचा पंचनामा स्वतः लिहून सही करून ठेवला. मंग अनुमोदकाचं नाव नीट वाचलं आन् हसू तितंच थांबलं. भिवराबाई. जिनं रोज दोर सोडला तीच म्हणती, चुकीच्या नोंदी हायत, काढून टाका?

फायली काढायला एक ओळ लागली. पुसण्याच्या आधीची प्रत दे, एवढंच सांगायचं. तीसच्या तीस वापस आल्या, ऑक्टोबर सोळापासून. अर्जुनरावांनी तिकडनं विचारलं, काय करतीस. मी म्हटलं, अद्ययावत करते. लपलेल्या फोल्डरासकट सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं आन् तशीच खालच्या वस्तीवर निघाले. डोक्यात नुसता जाळ.

भिवरामावशी दारात ज्वारी निवडत बसलती. मी उभ्याउभ्या सुरू झाले. म्हटलं, मावशे, कावून केलं हे? काय दिलं त्यांनी तुला, टँकर दारात लावतो म्हणाले का? आमी तुझ्यासाठी अर्ज लिहितो आन् तू तिकडं अनुमोदन देतीस? लई बोलले. आता आठवलं तरी तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय. तिनं मला थांबवलं न्हाई. सगळं झाल्यावर म्हणाली, काय लिहिलंय ते वाच. मी मोबाईलवर फोटो काढलता, तो वाचला.

"मला वाचता येत असतं तर तुला आकडा सांगाय आले असते व्हय?" ती म्हणाली. "माझी मीच लिहिली असती वही."

मंग तिनं सांगितलं. फेब्रुवारीत अर्जुनरावांनी तिला हापिसात बोलावून घेतलं. म्हणाले, मावशी, दर बैठकीला तुमाला उन्हातनं यायचा तरास नको, आत्ताच अंगठे देऊन ठेवा. प्रोसिडिंग बुकाच्या कोऱ्या पानांवर, खाली. सात पानं. तिला वाटलं, सगळ्याच बायांचे घेत्यात, तसे आपले. आन् ते खरंच हाय. आमच्याकडं किती तरी संस्थांत बाया संचालक हायत आन् बैठकीला फक्त त्यांचे अंगठे जात्यात. कुणाला त्याचं काय वाटत न्हाई. मला बी न्हवतं वाटलं. मी त्याच हापिसात बसत व्हते आन् ते बुक माझ्या हाताशी असलेल्या कपाटात व्हतं.

"तू माझ्या तोंडचा आकडा अडीच वर्षं खरा धरलास," ती म्हणाली, "आन् त्येंच्या कागदावरचा अंगठा बघून एका घडीत मला खोटी केलंस."

मी खाली बसले. तिच्यासमोरची ज्वारी निवडायला लागले, तिनं बी निवडू दिली. थोड्या वेळानं मी म्हटलं, मावशे, आकडे तेवढे देऊ तहसीलला, हा ठराव न्हाई दाखवत. तिनं मान हलवली. म्हणाली, मी झाकून ठेवलं तर तो काढून दाखवील, मंग मी काय सांगू, माझं नाव म्हणून झाकलं? लाव तो बी. आन् कनवटीची पिशवी सोडून तिनं तहसीलची पोच माझ्या हातात दिली, ती बी लाव म्हणाली. तितला कारकून शिक्क्याखाली वेळ टाकणारा माणूस. गुरुवार, साडेअकरा. आमच्या गावापासून तहसील सव्वा तासाच्या वाटेवर हाय. बारा मिनिटांत वापस येऊन अनुमोदन द्यायला बाई काय उडत आली व्हय? मी त्या पोचेकडं बघत राहिले आन् मला पुन्हा लाज वाटली. ही गोष्ट तिला घरात बसून कळली, आन् मी शिकलेली, वेळ स्वतः वाचलेली, मला न्हाई कळली.

रविवारी तेलगावला गेले. बसस्टँडसमोर जमीलभाईचं झेरॉक्सचं दुकान हाय, कम्प्युटर बी दुरुस्त करतो. तीस फायली आन् तो ठराव छापायला दिला. छापता छापता त्यानं सगळं वाचलं, ते त्याचं नेहमीचं. म्हणाला, "बायनाताई, कागद तो कोई बी छापतंय. चालू करून दावा त्यांना, जैसा हाय वैसा." आन् स्वतःचा लॅपटॉप पिशवीत घालून दिला, चार्जरसकट. मी म्हटलं, तुमचा धंदा? तर म्हणाला, मंगळवारी दुकान बंद ठेवतो, माझ्या बी घरी टँकरचंच पाणी येतंय.

सोमवारी सुंदरराव स्वतः हापिसात आले. त्यांना कुठनं तरी कळलं व्हतं. बसले, बापाच्या तब्येतीची चौकशी केली. मंग म्हणाले, तू मला लेकीसारखी. तुझी नोकरी कायम करायचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ. तुझ्या गल्लीला टँकर तिसऱ्या दिवशी लावू. ह्या जुन्या आकड्यांचं काय घेऊन बसलीस, परस काय आन् हात काय, एका अडाणी बाईचा दोर. मी ऐकून घेतलं, कारण वडीलधारं माणूस. मंग म्हटलं, आबा, लेकीसारखी म्हणता तर लेकीच्या घागरीतलं पाणी कावून पळवता? ते उठले. दारातनं म्हणाले, उद्यापासनं येऊ नको. मी म्हटलं, उद्या मला सवड बी न्हाई.

मंगळवारी तहसीलमध्ये सुनावणी नायब तहसीलदार बाईंपुढं. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. एका बाजूला मी, भिवरामावशी आन् पाच बाया; दुसऱ्या बाजूला सुंदरराव, अर्जुनराव, आन् कागद धरायला आणखी दोघं. मी छापील नोंदी दिल्या. सुंदरराव लगेच म्हणाले की हे आकडे ह्या मुलीनं चार दिवसांत बसून रचलेत, कम्प्युटरात काय कायबी लिहिता येतंय. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी लॅपटॉप उघडला आन् मागची यादी दाखवली. आठशेच्या वर नोंदी, रोजची एक, तारीख आन् वेळेसकट. मॅडम म्हणाल्या, जानेवारीतल्या दाखवा, मशीन आली ते दिवस.

त्या नोंदींत काय लिहिलंय हे मला बी ठावं न्हवतं. त्या नऊ दिवसांत मी बापाला घेऊन दवाखान्यात व्हते. नोंदी अर्जुनरावांनी केलत्या. मी एकेक मोठ्यानं वाचायला लागले. 'विहिरीतील पाणी आज रोजी एक हात कमी झाल्याची नोंद घेण्यात येत आहे. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. सचिव अर्जुनराव यांच्या हस्ते.' दुसऱ्या दिवशी, आणखी एक हात, सर्वानुमते मंजूर. तिसऱ्या दिवशी, दोन हात, सर्वानुमते मंजूर. गावची विहीर आटत चालली आन् हे रोज सर्वानुमते मंजूर करत बसले! साडूच्या मळ्यात मशीन धडधडतीया, आन् हा माणूस इकडं टायपिंग करतोय. बाजूचा कारकून खाली मान घालून हसत व्हता. मला हसू येत न्हवतं. मी पुढची नोंद वाचली.

मॅडमनी अर्जुनरावांना विचारलं, ह्या नोंदी तुमच्या? ते सुंदररावांकडं बघायला लागले. सुंदररावांनी पिशवीतनं प्रोसिडिंग बुक काढलं. शांतपणे टेबलावर ठेवलं. म्हणाले, नोंदी असतील, पण चुकीच्या व्हत्या. संस्थेनं गुरुवारी ठराव करून त्या रद्द केल्या. अनुमोदन खुद्द मोजणाऱ्या बाईचं हाय. हा तिचा अंगठा. चोराच्या उलट्या बोंबा मी ऐकल्यात, पण एवढ्या थंड आवाजातल्या कवाच न्हाई.

मी पोच पुढं केली. मॅडमनी ती बघितली, आवक नोंदवही मागवली, गुरुवारचं पान काढलं, साडेअकराचा अर्ज, भिवराबाईचा अंगठा. मंग लॅपटॉपवर फायली पुसल्याची वेळ बघितली, अकरा बेचाळीस. दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. सुंदरराव म्हणाले की बाईचं वय झालं, तिला आठवत न्हाई, आदल्या दिवशी तोंडी संमती दिलती, अंगठा तवाचा.

"मॅडम," भिवरामावशी म्हणाली, "त्येंच्या वहीची पानं फुडं पलटा."

मॅडमनी पलटलं. पुढचं पान कोरं, खाली निळा अंगठा. त्याच्या पुढचं कोरं, खाली अंगठा. मॅडम पलटत गेल्या. सहा पानं. वर एक अक्षर न्हाई आन् खाली भिवराबाई. अर्जुनरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मॅडमनी तितल्या तितं लिहून दिलं. सुंदररावांच्या विहिरीवरची मोटार त्याच दिवशी बंद करून सील करायची, आडव्या बोअरची पाहणी करून ते बुजवायचे, संस्थेच्या कारभाराचा अहवाल निबंधकाकडं पाठवायचा. आमच्यातल्या बाया उठल्या. मला वाटलं, झालं. पण सील मारलं म्हणून पाणी रातोरात चार परस व्हत न्हाई, ते पावसापर्यंत टँकरचंच. सुंदरराव अजून चेअरमन व्हते आन् ते प्रोसिडिंग बुक उचलून पिशवीत घालायला निघालते.

भिवरामावशी खुर्चीवरनं उठली न्हाई. मॅडम म्हणाल्या, मावशी, तुमचं काम झालं, जा आता.

"विहिरीचं झालं," ती म्हणाली. "त्या वहीत माझे सहा अंगठे शिल्लक हायत. ते वापस द्या."

मॅडम म्हणाल्या, ते सहकार खात्याचं काम, माझ्या अधिकारात येत न्हाई. भिवरामावशी म्हणाली, बरं, मंग मी बसते. कुणाच्या अधिकारात येतंय त्यांना बोलवा. सुंदरराव म्हणाले, अहो चला, गावात जाऊन बघू. तिनं त्यांच्याकडं बघितलं सुद्धा न्हाई.

"आज तुमी माझ्या नावानं विहीर पुसली," ती अर्जुनरावांना म्हणाली. "उद्या माझं घर पुसाल, परवा माझ्या वस्तीची नावं. अन् खाली मी असंन. माझे मला द्या."

मॅडमनी हात पुढं करून सुंदररावांच्या हातातनं बुक घेतलं, जप्तीचा पंचनामा लिहायला कारकुनाला सांगितलं, आन् लाल पेन काढला. पयल्या कोऱ्या पानावर वरपासनं खालपर्यंत तिरकी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, खाली सही केली. बुक भिवरामावशीकडं वळवून पान दाखवलं. मंग दुसरं.

मावशी बोटावर मोजत व्हती. मी शेजारी उभी व्हते आन् माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबत न्हवतं, रागानं का कशानं ते मला सांगता यायचं न्हाई. सहाव्या पानावर सही झाल्यावरच ती उठली.